मधले खाणारे

आमच्या स्वयंपाकघरातील फडताळाच्या तळच्या कप्प्यात एक झाकणबंद पिंप आहे. त्याच्या झाकणातून वर आलेल्या वाकड्या नळीत दोन बोटे पाणी असते आणि आत बिअर आंबत असली, की दर काही सेकंदांनी त्या पाण्यातून एक बुडबुडा 'गुडुक' असा आवाज करून बाहेर पडतो. एका संध्याकाळी आमची धाकटी त्या कप्प्यासमोर मांडी घालून बसली होती. आत कोण आहे, असे तिने विचारले, तेव्हा यीस्ट नावाचा फार बारीक जीव आहे आणि तो साखर खातो आहे, असे मी सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पण बाबा, तू तर साखर सोडलीयेस ना? मग त्याला कशी देतोस?"

प्रश्न बिनतोड होता. गेली तीन वर्षे मी साखर, पीठ, बटाटे आणि जवळपास सगळे धान्य ताटातून कमी केले आहे आणि त्याच तीन वर्षांत दर दीड-दोन महिन्यांनी पाच किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, मी हौसेने घरात आणतो. एका हाताने धान्याला नमस्कार करून निरोप द्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्यालाच मागच्या दाराने आत घ्यायचे, असा हा कारभार आहे.

या विसंगतीला परंपरा नाही असेही नाही. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनमधील गृहस्थाने १८६३ मध्ये आपला लठ्ठपणा कसा उतरला हे सांगणारी एक पुस्तिका छापली. त्याच्या डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलेल्या पदार्थांत पाव, साखर आणि बटाटे यांच्या पंगतीला बिअरही होती, वाइन मात्र चालत होती. बँटिंगचे नाव इतके गाजले की स्वीडिश भाषेत आहार आवरून वजन उतरवण्याला आजही 'बांता' म्हणतात. माझ्या हौसेवर त्याने काट मारली असती, यात शंका नाही.

तरीही पिंपातल्या खाणाऱ्याची बाजू मांडायला हवी. माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवले, की त्यातील विकरे (एन्झाइम) पिठुळ भागाची साखर करतात. पाणी ६३ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवले तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते. ते ७० अंशांकडे नेले तर यीस्टला न पचणारी लांब साखळ्यांची कर्बोदके जास्त उरतात आणि बिअर जड, गोडसर होते. मी अर्थातच खालच्या तापमानाचा माणूस आहे. गाळलेले गोड पाणी हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुले, घालून उकळून थंड केले, की हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट दाट आहे ते दाखवणारी काचेची नळी, त्यात १.०५० च्या आसपास तरंगतो आणि दोन आठवड्यांनी तोच १.०१० पर्यंत बुडालेला असतो. मधली साखर गेली कुठे? यीस्टने खाल्ली. साधारण निम्मी मद्यार्क झाली आणि उरलेली जवळजवळ निम्मी त्या 'गुडुक' आवाजाने हवेत गेली.

याचा अर्थ साखर सुटली असा मात्र नाही. यीस्टने मागे ठेवलेली कर्बोदके पेल्यात उतरतातच आणि मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, साखरेच्या ग्रॅममध्ये ४. शिवाय मद्यार्क पोटात गेला, की यकृत बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्याचाच निकाल लावते. म्हणून शनिवारी एक पेला, एवढीच माझी मजल आहे. बाकीच्या बाटल्या पाहुणे संपवतात आणि जाताना माझ्या संयमाचे कौतुक करतात.

हा संयम पहिल्या दिवसापासून होता असे नाही. कमी कर्बोदकांचा आहार मी याआधी दोनदा सुरू केला आणि दोनदा मोडला. पहिल्या खेपेला आठवड्यात तीन किलो उतरले म्हणून मी घरभर मिरवलो. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे कर्बोदकांच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि तो साठा सरला की पाणीही जाते, हे नंतर वाचनात आले. माझा तो पराक्रम बराचसा पाण्याचा होता. पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून चौथ्या दिवशी डोके इतके दुखले की मी सरळ शरण गेलो. दुसऱ्या खेपेला मिठाचे भान ठेवले, पण माझा स्वयंपाक वेगळा होऊ लागला. एका चुलीवर दोन घरे नांदू लागली. तिसऱ्या आठवड्यात आई शांतपणे म्हणाली, "तुझं वेगळं, पोरांचं वेगळं आणि त्या पिंपाचं तिसरंच. मी काय खानावळ काढलीये?" त्या वाक्यानंतर माझा आहार दोन दिवसही टिकला नाही.

तिसऱ्या खेपेला शहाणपण आले. आता घरात एकच स्वयंपाक होतो; परसातील पालेभाज्या, कोबी, शेंगा, अंडी आणि भरपूर लोणी हा सगळ्यांचा मुख्य भाग असतो आणि धान्य एका बाजूला वेगळ्या भांड्यात असते. ज्याला हवे त्याने घ्यावे. मुले घेतात, आई थोडे घेते, मी ते भांडे पुढे सरकवतो. आहार टिकण्याचे कारण निश्चय नसून भांड्यांची ही मांडणी आहे, असे माझे मत आहे. पत्नीच्या मते खरे कारण कोंबड्या आहेत, आणि तिचे म्हणणे सहज खोडून काढता येत नाही.

आमच्या खुराड्यात सहा कोंबड्या आहेत. अंड्यात कर्बोदके जेमतेम अर्धा ग्रॅम, त्यामुळे माझ्या हिशेबात ते आदर्श अन्न. पण अंडी देणारी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते आणि ते बहुतेक धान्यच असते. म्हणजे ज्या धान्याकडे मी पाठ फिरवली, तेच पिसे लावून माझ्या ताटात येते. हे प्रथम लक्षात आले तेव्हा मी खुराड्यापाशी हातात तीन अंडी घेऊन थोडा वेळ नुसता उभा राहिलो. अंडी अजून ऊबदार होती, एकाला ओला भुसा चिकटला होता. मी धान्य सोडलेलेच नव्हते. माझ्या आणि धान्याच्या मध्ये एका बाजूला कोंबडी उभी केली होती आणि दुसऱ्या बाजूला यीस्ट.

हे दोन मधले खाणारे एकमेकांनाही सांभाळून घेतात. बिअरसाठी साखर काढून घेतली, की माल्टचा चोथा उरतो. पाच किलो कोरडे माल्ट भिजून बाहेर येते तेव्हा पातेले आधीपेक्षा जडच झालेले असते. त्यातील गोडवा बराच गेलेला असतो, प्रथिने मात्र टिकून असतात. हा चोथा कोंबड्यांपुढे पसरला, की त्या ज्या घाईने पाय झाडतात ती पाहण्यासारखी असते. ओला चोथा एक-दोन दिवसांत आंबूस वास मारू लागतो, म्हणून उरलेला मी पसरून वाळवतो. हॉप्सचा गाळ मात्र खोल पुरतो, कारण तो कुत्र्यांसाठी विषारी असतो आणि आमच्या कुत्र्याला घरातील प्रत्येक उद्योगात तोंड घालायचे असते.

कोंबड्यांचे स्वतःचे वेळापत्रकही असते. दिवस लहान झाले, उजेड बारा तासांच्या आत आला, की अंडी कमी होतात आणि कधी पूर्ण थांबतात. दिवस मोठे झाले, की एकाएकी टोपलीत मावत नाहीत इतकी येतात. त्या टंचाईच्या महिन्यांत मी धान्याच्या भांड्यातून चमचाभर घेतो आणि त्याची नोंद ठेवत नाही.

गेल्या महिन्यात घाईने एक चूक केली. हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस स्थिर राहिला, तरच बाटल्या भरायच्या असतात. मी एकाच दिवसाच्या आकड्यावर भरल्या. यीस्टचे जेवण अजून चालूच होते. पाचव्या रात्री फडताळात स्फोट झाला, मागोमाग दुसरा, आणि सकाळी आईने काचा व फेस पुसत विचारले, की आमच्या वेळी लोक जेवणाऱ्याला मध्येच उठवत नसत, तुम्ही का उठवता?

या खेपेला तीन दिवस वाट पाहिली. भरताना फेसासाठी लिटरमागे सहा ग्रॅम साखर लागते. वीस लिटरांना एकशेवीस ग्रॅम, ती मी काट्यावर नीट तोलून घातली. दुपारी आईने चहासाठी साखरेचा डबा उघडला, तळ पाहिला आणि डबा तसाच माझ्यापुढे आणून ठेवला.