वाघाचे तीन मार्क

स्पर्धा परीक्षेच्या तयारीतल्या मागच्या टेस्टला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या अधिकार-मर्यादांवर दहा मार्कांचा प्रश्न होता, मला पडले तीन. "आयोग म्हणजे दात नसलेला वाघ" अशी दणक्यात सुरुवात केली होती, सरांनी शेजारी लाल पेनने लिहिलं, "हा वाघ सगळ्यांच्याच पेपरात आहे."

मग रागारागात नोट्स बाजूला सारल्या आणि आयोग ज्याने झाला तो १९९३ चा मूळ मानवी हक्क संरक्षण कायदाच घेऊन बसले. फार मोठा नाहीये, अभ्यासिकेत एका बैठकीत वाचून होतो, आपण उगाच घाबरतो.

कलम १३ आपल्याला पाठ असतं, समन्स काढणं, शपथेवर साक्ष, कागदपत्रं मागवणं वगैरे, चौकशीपुरते दिवाणी कोर्टाचे अधिकार. शिक्षा नाही. आणि कलम १८ म्हटलं की "शिफारस करतो, बंधनकारक नाही" एवढं लिहून आपण मोकळे. पण त्याच १८ मध्ये आयोगाला सुप्रीम कोर्टात किंवा हायकोर्टात जाता येतं हेही आहे, ते मी वर्षभर नुसतं वाचत होते, डोक्यात शिरलंच नव्हतं. बडोद्याचं बेस्ट बेकरी प्रकरण घ्या, २००२ च्या गुजरात दंगलीत बेकरी जाळून माणसं मारली होती ते. २००३ मध्ये सगळे आरोपी सुटले, आयोग सुप्रीम कोर्टात गेला, तिकडून साक्षीदाराचंही अपील होतंच, आणि २००४ मध्ये कोर्टाने खटला पुन्हा चालवायला लावला, तोही गुजरातबाहेर, आपल्या महाराष्ट्रात. मुंबईत २००६ ला नऊ जणांना जन्मठेप झाली (पुढे हायकोर्टात त्यातले काही सुटले, ते वेगळं). म्हणजे स्वतःला दात नसले तरी दातवाल्याकडे जायची सोय आहे की!

मर्यादांमध्ये सगळे कलम १९ रंगवतात, सैन्यदलाविरुद्ध तक्रार असेल तर फक्त केंद्राकडून अहवाल मागवायचा. बरोबरच आहे, पण मला कलम ३६ मधली एक वर्षाची अट जास्त खुपते, घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. लॉकअपमध्ये मार खाल्लेला माणूस बाहेर येणार, भीती जाणार, तक्रार कुठे करायची ते कुणीतरी सांगणार, तोवर वर्ष कधीच उलटलेलं असतं.

प्रिलिम्सवाल्यांनो, राज्य आयोगाच्या अध्यक्षांना नेमतात राज्यपाल पण काढतात राष्ट्रपती, दोनदा चुकलेय मी.

उत्तर परत लिहिलं. वाघ काढला, बेकरी घातली, आता दीडशे शब्दांत मावत नाहीये.