ज्वालामुखी नको, हळद घे

यंदाही लेकाने जाहीर केलं, "आई, विज्ञान प्रदर्शनाला ज्वालामुखी करतो." खायचा सोडा, व्हिनेगर, कागदाच्या लगद्याचा डोंगर. गेल्या वर्षी त्याच्या वर्गात असे चार डोंगर होते. "यात तू शोधलंस काय?" असं परीक्षकांनी विचारल्यावर चौघंही गप्प!

विषय शेवटी मोरीत सापडला. त्याच्या शर्टावर आमटीचा डाग होता. साबण लावला आणि डाग लालभडक. तो घाबरला, मला मात्र हसू आलं. आम्ही सांगलीचे, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीच्या गावचे, आणि विषय शोधत होतो नेटवर!

हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, आम्लारीत, म्हणजे साबण, सोडा, चुना अशा पदार्थांत, लाल होतं. चुना मिसळून हळदीचं कुंकू करायचे ते याच गुणावर. पण एवढं पाठ्यपुस्तकातही असतं, म्हणून मी त्याच्याकडे प्रश्न मागितला. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा सारखेच का?"

झालं, ठरलं. पाण्यात हळद नीट विरघळत नाही, म्हणून स्पिरिट आणलं. टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवल्या. धुण्याच्या सोड्याने पट्टी लाल झाली, खायच्या सोड्याने जेमतेम तांबूस. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. आता शाम्पू, राख, चुन्याची निवळी बाकी आहेत. प्रत्येकाच्या तीन-तीन पट्ट्या, समान थेंब, आणि अंदाज आधी वहीत लिहायचा, ही माझी अट.

ओटा मात्र पिवळा झालाय. तो त्यालाच घासायला लावणार आहे, साबणाने.