तिकडचा स्प्रिंग, इकडचं वाळवण

परवा दुपारी गच्चीत कुरडया राखत बसले होते. राखणं म्हणजे काय, कावळा आला की हुसकायचा, बाकी वेळ मोबाईल. तर एप्रिलपासून जपानी टीव्हीवर सुरू होणाऱ्या ॲनिमेंचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा, तक्ता उघडला होता, छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात एक मोठ्या डोळ्यांचं कोणीतरी, आणि वर गुलाबी पाकळ्या उधळून लिहिलेलं, स्प्रिंग. इथे ओढणी डोक्यावर घेऊनही टाळू तापलीये, फरशीवर पाय ठेववत नाही, आणि मी स्प्रिंगमधे काय काय बघायचं ते ठरवतीये. आई कुरडया उलटायला वर आली, मोबाईलमधे डोकावली आणि म्हणाली, "ती कानवाली नाही का गं यात?"

कानवाली म्हणजे फ्रीरेन, त्याच नावाच्या मालिकेतली लांब टोकदार कानांची जादूगारीण.

आईला हे हंगामाचं प्रकरण आजतागायत पटलेलं नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, दर तीन महिन्यांनी नवा घोळका येणार, बहुतेकांचे बारा-तेरा भाग होणार, की खेळ खलास. तिच्या हिशोबात बाराव्या भागाला मालिका संपली म्हणजे एकतर टीआरपी पडला नाहीतर हिरोईन भांडून गेली. मी म्हणते अगं आधीच ठरलेलं असतं, त्यांना तेवढंच सांगायचं असतं. "तेवढंच सांगायचं असतं तर मालिका कशाला काढायची?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक गोष्ट तिला मी सांगायच्या आधी कळली. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस फ्रीरेन सुरू झाली तेव्हा निप्पॉन टीव्हीने शुक्रवारी रात्री सिनेमा दाखवायच्या वेळेत पहिले चार भाग सलग लावले होते, दोन तास. मी हे कौतुकाने सांगायला लागले तर आई कांदा चिरता चिरता म्हणाली, "महाएपिसोड." झालं. विषय संपला.

तो हंगाम मला विसरता येत नाही, कारण तीनेक आठवड्यांनी त्याच चॅनलवर शनिवारी 'द अपॉथेकरी डायरीज' सुरू झाली, आणि शुक्रवारी कानवाली, शनिवारी औषधवाली असं मार्चपर्यंत चालू होतं. दोघींची तुलना करायचं खरंतर काही कारण नाही. एक हजार वर्षं जगलेली एल्फ, तिला दहा वर्षं म्हणजे चिमूटभर. दुसरी सतरा वर्षांची माओमाओ, राजाच्या जनानखान्यात नोकर म्हणून विकली गेलेली, विष समोर आलं की हिचे डोळे चमकतात, आणि बाळं का दगावतायत हे पहिल्याच भागात चेहऱ्याच्या पांढऱ्या पावडरवरून ओळखते. पण एकाच हंगामात आल्या म्हणजे तुलना होणारच, एका वर्गात बसणाऱ्या दोन मुलींची होते तशी. माझी एक मैत्रीण कट्टर औषधवाली. शनिवारी रात्री तिचे व्हॉइस नोट यायचे, कालच्यात नुसते चालत होते गं जंगलातून, हे काय बघायचं. मी म्हणायचे, चालण्याचंच तर आहे.

वहीत मार्क देते मी. दहापैकी. अर्धा मार्क, पाव मार्क सुद्धा. आणि आठवड्याला एकच भाग, सगळे साठवून एका रात्रीत बघणाऱ्यांशी माझं जमत नाही. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीचं गाणंही पुढे ढकलायचं नाही, दीड मिनिट बसवत नसेल तर उठा. उगाच नाही म्हणत. २००९ च्या उन्हाळ्यात 'हारुही' नावाच्या मालिकेत तो प्रकार झाला, सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस पुन्हा पुन्हा येतात, आणि खरोखर आठ आठवडे तोच भाग दाखवला, दर वेळी नव्याने काढलेला, नव्याने बोललेला, कपडे वेगळे, गोष्ट तीच. लोक जाम चिडले होते. आज कोणी ते आठ भाग एका संध्याकाळी पळवत बघितले तर त्याला काय कळणार, ते अडकणं आठ आठवड्यांचंच आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग? आमच्यात महिना झाला साखरपुडाच चाललाय."

मध्यरात्रीनंतरच्या मालिकांची वेळ जपानी लोक पंचवीस वाजता, साडेपंचवीस वाजता अशी लिहितात, म्हणजे रात्री एकला लागणारी मालिका शनिवारचीच राहते. मला ते फार आवडतं. आजी असंच मोजायची, उजाडेपर्यंत कालचाच वार. शनिवारी रात्री बाराला कोणी रविवार लागला म्हटलं की म्हणायची, सूर्य कुठाय?

आजीच्या घरी रविवारी सकाळी 'जंगल बुक' असायचं. ते जपानी आहे हे तेव्हा कोणाला माहीत होतं, शेरखान तर नाना पाटेकरच्या आवाजात डरकाळ्या फोडायचा, आपलाच वाटायचा. पण रविवार म्हणजे न्हाणं, आणि माझा नंबर नेमका त्याच वेळेला यायचा, त्यात लाईट जायचे. मग बुडलेला भाग वरच्या मजल्यावरच्या एका दादाकडून ऐकायचा, जिन्यात बसून. तो सगळे आवाज काढायचा. एकदा त्याने सांगितलं की शेरखान नदीच्या पुरात अडकला आणि मोगलीने त्याला वाचवावं की नाही यावर सगळे लांडगे रात्रभर भांडले. मला रडू आलं होतं. मोठेपणी बावन्नच्या बावन्न भाग शोधून बघितले. असं काही नाही त्यात. थापच होती, आणि मूळ गोष्टीला कधी नऊच्या वर मार्क देववले नाहीत ते त्या थापेमुळेच.

फ्रीरेनची गोष्टही आईला मी अशीच ऐकवलीये, कारण सबटायटल वाचायला तिला चष्मा लागतो आणि चष्मा कधी सापडत नाही. उल्कांचा पाऊस बघून पन्नास वर्षांनी पुन्हा दाखवते म्हणून निघून जाते, परत येते तर तिचा प्रवासातला सोबती हिमेल म्हातारा, टक्कल पडलेला, आणि थोड्याच दिवसांत जातो, तेव्हा ही रडते की दहा वर्षं बरोबर होतो आणि मी याला समजून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. आई गप्प बसली होती. मग म्हणाली, "पन्नास वर्षं एक पत्र टाकलं नाही मेलीने?"

तर कोण भारी, म्हणून शेवटी तिलाच विचारलं. एक क्षण थांबली नाही. "औषधवाली. ती निदान काहीतरी काम करते."

वहीत मात्र अर्ध्या मार्काने फ्रीरेनच वर आहे. का, ते विचारू नका.