कळव्याहून खारघर, पीएचडीच्या मुलाखतीला

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच शेवटपर्यंत जीव टांगणीला नको: खारघरला माझी निवड झाली नाही. चार महिन्यांनी दुसरीकडे झाली. पण ठाणे जिल्ह्यातल्या ज्या छोट्या कॉलेजातून मी एमएस्सी केलं, तिथून अशा मुलाखतीला माझ्याआधी कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. विचारणार कुणाला? म्हणून हे लिहितेय.

मुलाखत टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात होती. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडायची. मी धावत जाऊन पकडली ती वाशी. ऐरोली गेल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ही खारघरला नाही जात. तुर्भ्याला उतर, मागून पनवेल येईल." तासभर हाताशी ठेवला होता म्हणून निभावलं. रविवारी परीक्षा असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक बघून ठेवा. खारघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला 'ॲक्ट्रेक' म्हटलं तर तो आपल्या तोंडाकडे बघतो. 'सेक्टर 22, टाटा हॉस्पिटल' म्हणा. जुलै होता, समोरच्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या आणि माझे बूट पचपचत होते. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पिशवीत कोरडे मोजे टाका. हसू नका.

कागदांचं म्हणाल तर शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागायचा असेल, तर प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं तसं पत्र आधीच घ्या. सीजीपीएचे टक्के कसे काढायचे, तेही लेखी असू द्या. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा दाखवून भागत नाही. जाहिरात आल्यावर सेतूत गेलात तर उशीर झालाच म्हणून समजा.

शिफारसपत्राने माझा सगळ्यात जास्त घाम काढला. बऱ्याच ठिकाणी लिंक थेट शिक्षकांच्या ईमेलवर जाते, आणि आमच्या मॅडम ईमेल उघडणार महिन्यातून एकदा. शेवटी मी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पत्र गेल्यावरच उठले. त्यांना द्यायला एक पान लिहून नेलं होतं: कोणता प्रयोग केला, कुठे फसला, तो दुरुस्त कसा केला. नाहीतर पत्रात 'हुशार, मेहनती, नियमित' यापलीकडे काही येत नाही, आणि तसं तर सगळ्यांच्याच पत्रात असतं.

आता मुलाखत. चार जण समोर, टेबलावर पाण्याचे ग्लास, हातात पांढऱ्या फळ्याचं पेन. बोलणं इंग्रजीत, पण एकदा अडले तेव्हा हिंदीत सांगितलं, कुणी भुवई उंचावली नाही. आवडीचा विषय विचारल्यावर मी ऐटीत 'क्रिस्पर' म्हणाले, म्हणजे डीएनए हवं तिथे कापून बदलायचं तंत्र. पुढचाच प्रश्न: कॅस-9, म्हणजे त्यातली कात्री, डीएनएवर वाटेल तिथे कापतं का? ततपप. लक्ष्याच्या अगदी शेजारी एनजीजी हा डीएनएच्या अक्षरांचा क्रम असावा लागतो, हे मला आठवलं परतीच्या गाडीत, जुईनगरला. ज्याला हात लावलेला नाही, त्याचं नाव आपणहून काढू नका.

मग प्रोजेक्ट. आमच्याकडे डीएनएच्या प्रती काढायचं पीसीआर मशीन होतं, पण त्याचं वेष्टण निघायचं ते कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती आली की. त्यामुळे माझं काम साधं: कडुनिंबाच्या पानांचा मिथेनॉलमधला अर्क, जंतू वाढवलेल्या आगरच्या प्लेटमध्ये त्यासाठी पाडलेली भोकं, भोवतीच्या निर्जंतुक वर्तुळांची पट्टीने मापं. मला त्याची लाज वाटत होती, म्हणून भराभर उरकत होते. त्यांनीच थांबवलं. एका बाईंनी विचारलं, "नुसत्या मिथेनॉलचं वर्तुळ किती होतं?"

मी ते मोजलंच नव्हतं. तुलनेसाठी पाण्याचा कंट्रोल ठेवला होता, मिथेनॉलचा नाही; मग जंतू अर्काने मेले की मिथेनॉलनेच, हे कळणार कसं? दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. मशीन वापरायला न मिळाल्याचं रडगाणं मी घरूनच तयार करून नेलं होतं. ते तिथे कुणी मागितलंच नाही. "ठेवायला हवा होता," एवढंच मी म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि पुढे अर्धा तास त्या साध्या प्लेटवरच प्रश्न झाले.

घरी बाबांचा एकच प्रश्न होता: अजून पाच वर्षं शिकणार, मग खाणार काय? नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023पासून महिना 37,000 रुपये आहेत, वर घरभाडं. ॲक्ट्रेकची पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते, हेही सांगितलं. 'होमी भाभा' ऐकून ते जरा निवळले. लाइफ सायन्सेसवाल्यांनी नेटच्या पेपरातल्या सी भागाचा सराव आधी करावा. 200 पैकी 100 गुण तिथे आहेत, 75 पैकी 25च प्रश्न सोडवायचे असतात, आणि ते बहुतेक प्रयोगावरचेच असतात. मी आधी पाठांतर करत बसले आणि एक प्रयत्न वाया घालवला.

मुलाखतीनंतरच्या सोमवारी लॅब असिस्टंट दादांना गळ घालून कॉलेजात एक प्लेट लावली. एका भोकात अर्क, एकात पाणी, एकात नुसतं मिथेनॉल. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि पट्टी लावली. भोक 8 मिलिमीटरचं. अर्काचं वर्तुळ 16. मिथेनॉलचं 11.