मुद्दाम सोडलेली गल्ली

मिशिगनच्या थंडीवर सगळ्यांचं लिहून झालंय, त्यामुळे ती राहू दे. परवा वर्गात एका पत्रानं मला जे हलवलं, ते सांगते.

ऑगस्ट २००६ च्या इथल्या प्राथमिक निवडणुकीआधी अ‍ॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर या तिघा संशोधकांनी अभ्यासासाठी १ लाख ८० हजार घरं निवडली. कोणत्या घराला कसलं पत्र जाणार, हे निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. सगळ्यांत कडक पत्राचा मथळा असा, की तुम्ही मत दिलं की नाही हे शेजाऱ्यांना कळलं तर? खाली घरातल्यांची आणि शेजाऱ्यांची नावं, २००४ मध्ये कोण मतदानाला गेलं, कोण नाही, आणि निवडणुकीनंतर नवा तक्ता पाठवू अशी तंबीही. मत कुणाला दिलं हे गुप्त असतं. दिलं की नाही याची नोंद मात्र इथे मिळते.

ज्यांना काहीच पत्र गेलं नाही, त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं. मतदान हे कर्तव्य आहे, असं सांगणाऱ्या पत्रानं ते ३१.५ झालं. शेजाऱ्यांच्या यादीवाल्या पत्रानं ३७.८! एका कागदानं मतदानाची टक्केवारी आठ अंकांनी वर.

मी हात वर केला. म्हटलं, यात नवं काय? माझे बाबा साताऱ्यात तीस वर्षं बूथचं काम करतात. दुपारी तीनला यादी बघून कुणाच्या घरातली किती मतं राहिलीत ते तोंडपाठ सांगतात, आणि दारात जाऊन ‘काकू, शाई लावून घ्यायची राहिलीय’ म्हणतात. प्राध्यापक बाईंनी शांतपणे विचारलं, ‘त्या काकू एरवीही संध्याकाळी गेल्या असत्या का, हे कसं कळतं?’

मला उत्तर देता आलं नाही. राग आला, खरं सांगते. देशात पिकांचा अंदाज घ्यायला चिठ्ठीनं शेतं निवडण्याची पद्धत ज्यांनी रुजवली, ते पां. वा. सुखात्मे आमच्याच जिल्ह्यातल्या बुधचे. नमुना म्हणजे काय हे आम्हाला बाहेरून शिकायला नको, असं मी त्या दिवशी मैत्रिणींना ऐकवलंही. पण बाईंचा प्रश्न बरोबरच होता. तीस वर्षांत बाबांनी सगळी दारं वाजवली. न वाजवलेलं दार तुलनेला उरलंच नाही.

‘मग अमेरिकेच्या मतदारांवर कशाला, आपल्यावर कर की अभ्यास,’ असं मामा दर फोनला म्हणतात. करायचाय. पण इथे प्रत्येक मतदाराची जुनी हजेरी संगणकावर तयार मिळते, म्हणून हात इथे बसवतेय. यात आपल्या मातीशी बेइमानी आहे, असं मला वाटत नाही. आणि ते पत्र माझ्या आईच्या नावानं आलं असतं, तर मला अजिबात आवडलं नसतं, हेही तितकंच खरं.

रविवारी बाबांना विचारलं, पुढच्या वेळी चिठ्ठी टाकून दोन गल्ल्या मुद्दाम सोडाल का? बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘अगं, आणि त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माझी वाट बघत बसल्या तर?’