‘मॅडम, हा आज पण झोपला नाही’ : शटडाउन अडकल्याचा माझा अनुभव

कंपने मोजणारे संगणकाचे कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार-अर्जात ‘त्रुटीचा स्क्रीनशॉट जोडा’ असा एक रकाना आहे आणि त्याच्यापुढे लाल फुली आहे, म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. माझी तक्रार अशी होती की संगणक बंद करायला सांगितला की पडदा काळा होतो आणि त्यानंतर संगणक काही बंद होत नाही. काळ्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा कसा, आणि तो घेणारा प्रोग्रॅमच आधी मारला गेलेला असताना तो घेणार कोण, हे मी ‘इतर माहिती’ या रकान्यात नम्रपणे विचारले होते. ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा इन्स्टॉल करून पाहावी, असे उत्तर आले. त्या उत्तराचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

भोसरीतील एका लहान कारखान्यात मोटारींची कंपने तपासणारा टेस्ट बेंच आहे आणि त्यावरचा लिनक्स संगणक माझ्या देखरेखीखाली आहे. कंपने मोजणारे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बाहेरून घेतलेले आहे. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मूळ कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नाही, कंपनी त्याचा सोर्स देते आणि प्रत्येक नव्या कर्नेलसाठी तो पुन्हा बांधावा लागतो. कर्नेल बदलल्यानंतरच्या आठवड्यात बेंचवरच्या ऑपरेटरचा फोन आला, ‘मॅडम, हा आज पण झोपला नाही.’ म्हणजे काल-परवाही झोपला नव्हता, पण काल-परवा त्यांनी बटण दाबून धरून काम भागवले होते. पंखा फिरत राहतो, दिवा लागलेला राहतो, पडदा काळा, आणि हे रोज घडत नाही, आठवड्यातून एखादे वेळी घडते. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे माझ्या वाट्याला तपासासाठी गुरुवार आले. असे पाच गुरुवार गेले.

पहिली गोष्ट मात्र लवकर कळली. शटडाउन म्हटले की बहुतेकांना सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) ती दीड मिनिटाची प्रतीक्षा आठवते, जिच्यात एखादी सेवा थांबायला तयार नसते आणि पडद्यावर लाल चांदण्या मागे-पुढे सरकत राहतात. सिस्टिमडी मूळ मांडणीनुसार ९० सेकंद थांबतो आणि मग त्या सेवेला सक्तीने मारतो. आमचे दुखणे ते नव्हते, कारण पडद्यावर तसे काही दिसत नव्हते आणि दीड मिनिटाने सुटकाही होत नव्हती. शिवाय बटण दाबून मारलेला संगणक दुसऱ्या दिवशी सुरू होताना डिस्कचे जर्नल (अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद) दुरुस्त करत बसत नसे. फाइल सिस्टिम स्वच्छ निघे. याचा अर्थ डिस्क व्यवस्थित अनमाउंट होऊन (वापरातून सोडवली जाऊन) गेल्यावर, म्हणजे सगळे प्रोग्रॅम संपून मैदानात एकटे कर्नेल उरल्यावर, गाडी अडत होती. तुमच्याकडे असे काही झाले तर आधी हीच खूण पाहा. सकाळी जर्नलची दुरुस्ती होत असेल तर दोष अनमाउंटच्या अलीकडचा आहे आणि वीज तोडणे धोक्याचे आहे. होत नसेल तर दोष पलीकडचा आहे आणि बटण दाबल्याने माहितीचे फारसे नुकसान होत नाही. मी हे ऑपरेटरला सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरला.

पलीकडचा रस्ता लांबीने लहान आहे. सिस्टिमडी शेवटी रीबूट नावाचा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नेलला विनंती, करतो. हा कॉल चुकून होऊ नये म्हणून त्याला दोन ठरावीक आकडे द्यावे लागतात, आणि त्यांपैकी दुसऱ्यासाठी चालणारा एक आकडा सोळाच्या पायात लिहिला तर २८१२१९६९ असा दिसतो, म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख. त्यानंतर कर्नेल आपल्या ज्या भागांनी नाव नोंदवले आहे त्यांना ‘आपण बंद होत आहोत’ असे कळवते, मग प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला त्याचा शटडाउनचा भाग चालवायला सांगते, मग एका प्रोसेसरवर येऊन ‘पॉवर डाउन’ ही ओळ छापते आणि एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातल्या एस-५, म्हणजे पूर्ण बंद, अवस्थेसाठी एका रजिस्टरमध्ये ठरलेला बिट लिहिते. त्या बिटापुढचे काम मदरबोर्डाचे. म्हणून ‘पॉवर डाउन’ ही ओळ उमटली की नाही, यावर सगळा निवाडा अवलंबून असतो: उमटून अडकले तर बायोसकडे (मदरबोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमकडे) बोट दाखवायचे, न उमटता अडकले तर ड्रायव्हरकडे.

अडचण अशी की ती ओळ पाहायची कुठे?

तिथे जाण्याआधी पहिल्या दोन गुरुवारांची कबुली द्यायला हवी, कारण ते मी निव्वळ घाईने घालवले. ‘शटडाउन होत नाही’ असे शोधले की ‘रीबूट’ हा कर्नेल पॅरामीटर (सुरू होताना कर्नेलला द्यायची सूचना) बदलून पाहा, असा सल्ला पावलोपावली मिळतो, आणि मीही एसीपीआय, कीबोर्ड, ईएफआय, पीसीआय असे सगळे पर्याय एकेक करून घालून पाहिले. हे पर्याय संगणक पुन्हा सुरू कसा करायचा ते ठरवतात. तो बंद कसा करायचा याच्याशी त्यांचा संबंध नाही. कर्नेलच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेले आहे आणि मी ते तिसऱ्या गुरुवारी वाचले. त्यातच दोष अधूनमधून येणारा असल्यामुळे पीसीआयचा पर्याय घातल्यावर सलग पाच वेळा संगणक नीट बंद झाला, मी विजयाचा चहा घेतला आणि सहाव्या वेळी पंखा फिरत राहिला.

आता ती ओळ. पडद्यावर ती दिसणार नव्हती, कारण उपकरणे मिटवताना कर्नेल डिस्प्लेच्या ड्रायव्हरलाही मिटवते आणि आमच्या संगणकात ते लवकर घडत होते. डिस्कवर लिहिता येणार नव्हती, कारण डिस्क आधीच अनमाउंट झालेली. सिस्टिमडीच्या शटडाउनच्या फोल्डरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवून, मूळ फाइल सिस्टिम क्षणभर लिहिण्याजोगी करून कर्नेलचा लॉग साठवण्याची प्रसिद्ध युक्ती आहे. ती चांगली आहे, पण ती स्क्रिप्ट उपकरणे मिटवण्यापूर्वी चालते, त्यामुळे तिच्या लॉगमध्ये अपघाताच्या आधीपर्यंतचा सुखरूप प्रवास तेवढा मिळाला. पीस्टोर नावाच्या सोयीने कर्नेलचा लॉग मदरबोर्डाच्या स्मृतीत ठेवता येतो आणि एक पॅरामीटर दिला तर तो साध्या शटडाउनलाही साठवला जातो, हे कळल्यावर मी आनंदले. मग सोर्स उघडून पाहिला तर तो साठवण्याचा आदेश ‘पॉवर डाउन’ छापल्यानंतरच्या ओळीत होता आणि आमची गाडी तिथवर पोचतच नसावी. यूएसबी कीबोर्डावरून सिसरिक्यूच्या, म्हणजे कर्नेलला थेट आदेश देणाऱ्या, कळा दाबून पाहिल्या. कीबोर्डाचा दिवाही हलेना. शटडाउनच्या दोषात हे विशेष आहे की ज्या ज्या साधनांनी पाहायचे, ती साधने मिटवणे हेच चालू असलेले काम असते. चोरी होण्याआधी वाड्यातले सगळे रखवालदार रीतसर रजेवर जातात.

तिसऱ्या गुरुवारी मी नेटकन्सोल लावला, म्हणजे कर्नेलचे संदेश नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपवर येऊ लागले. सोबत ‘इनिटकॉल डीबग’ हा पॅरामीटर दिला. त्याच्या नावात सुरू होण्याचा उल्लेख असला तरी शटडाउनच्या वेळीही तो प्रत्येक उपकरणाचे नाव छापतो, हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे वाक्य आहे. लॅपटॉपवर नावे झरझर उतरली आणि एका नावावर थांबली. ते नाव नेटवर्क कार्डाचे होते. मी लगेच निष्कर्ष काढला, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर जुन्या आवृत्तीवर नेला, पुढच्या आठवड्यात कारखान्याला दुसरे कार्ड घ्यायलाही लावले. नव्या कार्डानेही लॉग त्याच जागी थांबला, आणि मुख्य म्हणजे संगणक व्यवस्थित बंद झाला तेव्हाही त्याच जागी थांबला. नेटवर्क कार्ड मिटले की त्याच्यावरून येणारा लॉगही मिटणार, ही गोष्ट शाळकरी मुलाने सांगितली असती. कार्डाचे पैसे मी माझ्या बिलातून वजा केले.

मग सिरियल पोर्ट. नव्या मदरबोर्डांवर मागच्या बाजूला तो दिसत नाही, पण पुष्कळ बोर्डांवर आत दहा पिनांच्या जागेत नऊ पिनांचा एक कनेक्टर असतो. तिथून बाहेर आणायची पट्टी आणि नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी) मी पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणली. लॅपटॉपच्या बाजूला यूएसबीचा अडॅप्टर चालतो. आजारी संगणकाच्या बाजूला चालत नाही, कारण यूएसबीही मिटते. कर्नेलला कन्सोल म्हणून पहिला सिरियल पोर्ट आणि ११५२०० हा वेग सांगितला, संदेश दडवणारा ‘क्वाएट’ हा शब्द काढला आणि सगळे संदेश छापण्याचा ‘इग्नोर लॉगलेव्हल’ पॅरामीटर घातला. हा शेवटचा विसरलात तर पुष्कळदा उपकरणांची नावे कन्सोलवर येतच नाहीत आणि केबल खराब आहे असे वाटते. मी दोन केबली बदलल्या.

चौथ्या गुरुवारी, सातव्या शटडाउनला, संगणक अडकला. लॉगमध्ये नेटवर्क कार्डाचे नाव मागे पडले, आणखी काही नावे आली आणि शेवटची ओळ होती आमच्या कंपन मोजणाऱ्या कार्डाच्या पीसीआय क्रमांकाची. ‘पॉवर डाउन’ नव्हते. ते नाव त्या उपकरणाचा शटडाउन चालू करण्यापूर्वी छापले जाते, त्यामुळे शेवटचे नाव सहसा दोषी असते. सहसा अशासाठी म्हणते, की नाव छापण्यापूर्वी कर्नेल त्या उपकरणाचा लॉक (एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली) घेते. तो लॉक दुसऱ्या कोणाकडे असेल तर दोषी पुढचा, न छापलेला असतो.

कुठे अडकले ते कळले होते, का ते कळत नव्हते. आणि इथे माझ्या उतावळेपणाचा कळस झाला. दर वेळी संगणक अडकला की मी तीसेक सेकंद पाहून बटण दाबत होते. त्या दिवशी अडकला आणि नेमका घरून फोन आला. बोलून परत आले तर लॉगवर तीन पाने मजकूर येऊन पडलेला. कर्नेलमध्ये एक धागा असतो, जो न उठणाऱ्या झोपेत १२० सेकंदांहून जास्त पडून राहिलेली कामे शोधतो आणि प्रत्येकाचा पूर्ण कॉल स्टॅक (काम कोणत्या फंक्शनातून कोणत्यात गेले याची यादी) छापतो. बाकीचे प्रोग्रॅम मेले तरी तो जिवंत होता. तो पाहणी ठरावीक अंतराने करत असल्यामुळे मजकूर यायला दोनपासून चार मिनिटे लागू शकतात. मी एवढे दिवस साक्षीदार तोंड उघडण्याच्या आतच त्याची वीज तोडत होते.

मजकुरात दोन कामे अडकलेली होती. एक शटडाउन करणारे, ते ड्रायव्हरच्या शटडाउनमध्ये एका पार्श्वभूमीतल्या वर्कच्या संपण्याची वाट पाहत होते. दुसरे ते वर्क स्वतः, ते एका म्यूटेक्सची, म्हणजे तशाच एका लॉकची, वाट पाहत होते. सोर्स उघडला तेव्हा सगळे चार ओळींत दिसले. ड्रायव्हर कार्डाचे तापमान वाचण्यासाठी एक वर्क चालवतो: कार्डाला विचारतो, उत्तरासाठी सुमारे २०० मिलिसेकंद थांबतो, मग म्यूटेक्स घेऊन आकडा लिहितो आणि एका सेकंदाने स्वतःला पुन्हा बोलावतो. शटडाउनचा भाग आधी तोच म्यूटेक्स घेत असे आणि तो हातात ठेवूनच ‘वर्क रद्द करा आणि चालू असेल तर संपेपर्यंत थांबा’ असे सांगत असे. वर्क नेमके त्या २०० मिलिसेकंदांत असेल तर ते म्यूटेक्ससाठी शटडाउनकडे पाहत बसते आणि शटडाउन वर्क संपण्यासाठी त्याच्याकडे. बाराशे मिलिसेकंदांच्या फेऱ्यात दोनशे धोक्याचे, म्हणजे साधारण सहांत एकदा. आठवड्यातून एखादे वेळी हा संगणक का झोपत नव्हता, याचा हिशेब वहीत मांडला तेव्हा मला झालेला आनंद मी कोणाला समजावून सांगू शकले नाही. कर्नेल बदलण्याचा यात काही दोष नव्हता. नव्या कर्नेलसोबत मी कंपनीचा नवा सोर्स घेतला होता आणि तापमानाची सोय त्यात नव्याने आलेली होती.

दुरुस्ती दोन ओळींची अदलाबदल एवढीच: आधी वर्क रद्द, मग म्यूटेक्स. पडताळणी मात्र मोठी केली. संगणकाच्या घड्याळाला गजर लावून तो बंद करायचा, गजराने तो आपोआप सुरू होतो, सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा गजर लावून बंद. बुधवारी संध्याकाळी कारखाना सुटल्यावर ही साखळी लावली, एका फेरीला पाच मिनिटे, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत चारशेच्या वर फेऱ्या झाल्या. साखळी तुटली नाही. यासाठी बायोसमध्ये गजराने सुरू होण्याची परवानगी द्यावी लागते.

मागाहून आठवलेली आणि खरे तर पहिल्या दिवशी करायची गोष्ट म्हणजे लॉकडेप. लॉकांचा क्रम तपासणारी ही सोय चालू ठेवून कर्नेल बांधले असते तर संगणक न अडकताही, पहिल्याच शटडाउनला, सिरियल पोर्टवर याच दोन लॉकांच्या चक्राचा इशारा आला असता. मी नंतर मुद्दाम जुन्या ड्रायव्हरवर करून पाहिले, आला. आणि तुमचा संगणक बंद होऊन काही सेकंदांनी आपोआप सुरू होत असेल तर हे सगळे सोडून द्या, तो आजार निराळा आहे. हॅसवेल पिढीच्या यूएसबी-३ कंट्रोलरसाठी तर कर्नेलमध्ये शटडाउनच्या वेळी त्याला सक्तीने झोपवण्याची खास तरतूद आहे.

कंपनीला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, पाठवायचा म्हणून तोच अर्ज पुन्हा उघडला. स्क्रीनशॉटच्या रकान्यात या वेळी मी लॅपटॉपवरील सिरियल लॉगचे चित्र जोडले, पॅच ‘इतर माहिती’त चिकटवला. चित्रात त्यांच्या उत्पादनाची खिडकी दिसत नसल्यामुळे तक्रार ‘अपूर्ण’ या सदरात आहे. भोसरीचा संगणक माझ्याच पॅचवर चालतो, आणि दर नव्या कर्नेलला मी त्या दोन ओळी हाताने बदलते.