पसंतीचा १

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते आणि विधानसभेच्या यादीत नाव असल्याचा तेथे काही उपयोग नसतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. आमच्या कर्नाटक वायव्य मतदारसंघात बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे येतात. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास मी नावनोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना १८, भरून दिला, तेव्हा पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पाहून कारकुनाने अर्ज बाजूला सारला. पदवी भारतातील कोणत्याही विद्यापीठाची चालते, फक्त १ नोव्हेंबरला ती मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात, हे पटवण्यात एक सकाळ गेली.

१३ जून २०२२ रोजी मतपत्रिका हातात आली. तिच्यावर चिन्हे नव्हती, नावांपुढे पसंतीक्रमासाठी रिकामी चौकट होती, आणि केंद्रावरचे जांभळे स्केचपेनच वापरायचे होते. खिशातल्या पेनाने लिहिले की मत बाद. आकडे इंग्रजी, रोमन किंवा कोणत्याही भारतीय भाषेतील चालतात, अक्षरी मात्र लिहायचे नाही. माझा हात सवयीने मराठी १ कडे वळला आणि तेथेच थांबला, कारण घाईत काढलेला आपला एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. मोजणीच्या टेबलावर कोणी तो नऊ वाचला असता तर पहिली पसंतीच उरली नसती आणि मतपत्रिका थेट बाद गठ्ठ्यात गेली असती. कन्नड एक तर तळाशी उघड्या राहिलेल्या शून्यासारखा. शेवटी इंग्रजी एक काढला, नुसती रेघ वाटू नये म्हणून त्याला चोच आणि बैठक दिली, दुसऱ्या एका नावापुढे दोन लिहिला, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालून मगच घडी घातली.

त्याआधी नऊ महिन्यांपूर्वी, ३ सप्टेंबर २०२१ रोजी, महापालिकेसाठी मी निळे बटण दाबले होते. यंत्रात मत बाद होण्याची सोयच नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्या यंत्रांना कागदी चिठ्ठीची जोड नव्हती. लोकसभेच्या वेळी काचेआड सात सेकंद दिसणारे नाव आणि चिन्ह येथे दिसले नाही, आणि दिवा लागला यावरच समाधान मानावे लागले. मला विचाराल तर चूक माझ्या हातची असली तरी पुन्हा मोजता येणारा कागद मी पसंत करीन. अर्थात कागदालाही मर्यादा असते. १९९६ मध्ये सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. त्यानंतर अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपयांवर गेली. एवढी नावे आजच्या यंत्रातही बसत नाहीत, कारण सोळा नावांची जास्तीत जास्त चोवीस युनिटे जोडली तरी ३८४ च होतात.

केंद्राबाहेर शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक भेटले. "आकड्यात खाडाखोड करता येते, म्हणून मी चेकसारखे अक्षरी 'एक' लिहिले," ते समाधानाने म्हणाले. चहा येईपर्यंत मी काही बोललो नाही. मग मात्र त्यांना सांगितले.